वादळाच्या आदल्या संध्याकाळी

वादळ यायच्या आदल्या संध्याकाळी हवा इतकी निर्मळ असते की माणूस फसतो. आभाळ तांबूस-पिवळं, पान हलत नाही, पक्षी कुठे गेलेत कळत नाही. बदललेला असतो तो फक्त समुद्राचा आवाज. एरवीची घाईघाईची खळखळ जाऊन तिच्या जागी एक जड, सावकाश धपका येतो. मग लांबलचक शांतता. मग पुन्हा धपका. शेकडो किलोमीटरवर घोंगावणाऱ्या वादळाने ढकललेल्या लाटा त्याच्या कितीतरी आधी किनाऱ्याला पोचतात. दोन लाटांमधलं अंतर वाढलं की मी हवामानाचा अंदाज न बघताही कामाला लागते.

त्या संध्याकाळी मी माझी झाडं आडवी घालते. कुंड्या कापडाच्या आहेत, 30 लिटर मातीच्या. माती ओली असली की एकटीला उचलत नाहीत, पण ओढता येतात. दोन भिंती जिथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात कुंडी ओढत न्यायची, एका हाताने बुंधा धरायचा, दुसऱ्याने कुंडीची कड, आणि पेंगुळलेल्या मुलाला खांद्यावरून गादीवर उतरवावं तसं सावकाश टेकवायचं. फांद्यांखाली जुनी चादर. वरून मासेमारीचं टाकाऊ जाळं, जाळ्याच्या कडांवर वाळूची पोती. दोनच झाडं, तरी तास जातो. काम संपेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि हाताला तो वास चिकटलेला असतो: लिंबाची साल, ओली माती, थोडं मिरं, थोडं रॉकेल. साबणाने तो जात नाही, तेल चोळलं तर जातो.

आईचा फोन त्याच सुमारास येतो. पहिल्या वर्षी ती या झाडाचं नावही घेत नसे. "तुझं ते तसलं झाड" एवढंच म्हणायची. आता विचारते, "निजवलंस का गं दोघींना?"

ही झाडं गांजाची आहेत. मी राहते तिथला कायदा प्रौढ माणसाला स्वतःपुरती मोजकी झाडं कुंपणाआड लावू देतो. जिथे देत नाही तिथे हे कुणी करू नये; शिक्षा खरी असते आणि तिच्यापायी घरं मोडतात. हे एकदा स्वच्छ सांगते आणि पुढे जाते, कारण मला बोलायचंय ते झाडाबद्दल, आणि उष्ण, दमट, वादळी किनाऱ्यावर ते उघड्यावर वाढवताना जे पदरी पडलं त्याबद्दल.

झाड म्हणून ते फार देखणं आहे. बी रुजलं की आधी दोन गुळगुळीत दळं येतात. मग पानांची पहिली जोडी, एकेरी, करवतीसारख्या कडांची. दुसऱ्या जोडीला तीन बोटं, मग पाच, मग सात, क्वचित नऊ. झाड कोवळं असताना पानं समोरासमोर येतात, जोडीजोडीने. वयात आलं की ती जोडी सुटते. एक पान या पेरावर, दुसरं थोडं वर, आळीपाळीने. आणि फुलोरा धरला की मोजणी उलटी सुरू होते. सात, पाच, तीन, आणि अगदी शेवटी मंजिरीतून डोकावणारं एकच बोट, पहिल्या पानासारखं. हा जाऊन परत येण्याचा प्रवास मी दर वर्षी पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहते. आपल्या भाषेत या एका झाडाला तीन नावं आहेत: पानांची ती भांग, मादी झाडाच्या मंजिऱ्यांचा तो गांजा, आणि मंजिऱ्यांवरच्या राळेचा तो चरस. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी झाड जवळून पाहिलं होतं.

किनाऱ्यावरची सगळी अडचण मात्र घड्याळाची आहे, आणि हे समजायला मला तीन वर्षं लागली.

हे लहान दिवसांचं झाड. दिवस मोठे असतात तोवर ते फक्त वाढतं, उंच होतं, फांद्या टाकतं. रात्री लांबायला लागल्या, सलग दहा-बारा तासांचा गडद अंधार मिळायला लागला, की पानांना ते कळतं आणि फुलं सुरू होतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅरिसमध्ये ज्युलियां तूर्न्वा नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हेच झाड आणि हॉपचे, म्हणजे बिअरला कडवट चव देणारे, वेल घेऊन बसला होता. उजेडाचे तास कमी केले की रोपं वीतभर असतानाच फुलतात हे त्याने 1912 मध्ये मांडलं, आणि पुढे असंही म्हटलं की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं इथे जास्त महत्त्वाचं असावं. 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. सहा वर्षांनी, 1920 मध्ये, अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरून हाच नियम सिद्ध केला आणि श्रेय त्यांच्या नावे लागलं. ते लागावं तसंच लागलं, त्यांचं काम पक्कं होतं. पण अंगणात पहिली पांढरी केसरं दिसली की मला तूर्न्वा आठवतो. रात्र मोजणारं झाड त्याने ओळखलं होतं.

आता समुद्राकडे बघा. तोही सूर्याच्याच घड्याळावर चालतो, पण पाणी तापायला वेळ घेतं. सूर्य माघारी वळून दिवस लहान व्हायला लागले तरी समुद्र अजून ऊब साठवतच असतो. वर्षातला सर्वात मोठा दिवस सरून दोन-अडीच महिने झाले की तो सर्वात उबदार होतो. चक्रीवादळाला लागतं ते हेच कोमट पाणी, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं, नुसतं पृष्ठभागावर नव्हे तर चांगलं खोलपर्यंत. म्हणून अटलांटिकमध्ये वादळांचा भर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास असतो आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या समुद्रांवर मोसमी पाऊस मधे येतो तिथे हंगाम दुभंगतो, पण पावसानंतरचा हप्ता तिथेही आहेच.

म्हणजे झाड रात्र मोजत मोजत फुलावर येतं, मंजिऱ्या भरायला दोन-अडीच महिने घेतं, आणि त्याच वेळी समुद्र पुरता तापलेला असतो. झाडाचा सर्वात नाजूक, सर्वात जड, सर्वात मोलाचा काळ आणि वादळांचा काळ एकावर एक येतात. उत्तरेत असा, दक्षिणेत तसा, महिने वेगळे, गाठ तीच. दोघांचा धनी एकच सूर्य आहे, आणि दोघंही त्याच्या मागे रेंगाळतात.

हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी चित्रं बघून झाडं निवडली. चित्रांतल्या मंजिऱ्या मुठीएवढ्या, घट्ट, दगडासारख्या. रुंद पानांची, बुटकी, लवकर पिकणारी ती जात होती. लवकर पिकते म्हणजे आपल्याला बरी, असा माझा हिशेब. बाजारात तिला इंडिका म्हणतात, आणि या नावात एक जुनी गल्लत आहे. लिनियसने 1753 मध्ये युरोपात धाग्यासाठी लावतात त्या झाडाला कॅनाबिस सटायव्हा म्हटलं. 1785 मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली, आणि ती होती अरुंद पानांची, उष्ण प्रदेशातली. आज त्या नावाने विकली जाणारी रुंद पानांची झाडं मूळची हिंदुकुशच्या कोरड्या डोंगरदऱ्यांतली. तिथे फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस जवळजवळ नसतो, रात्री थंड आणि हवा कोरडी. घट्ट मंजिरी तिथे शोभते, कारण तिच्या आत ओल कधी साचतच नाही.

माझ्याकडे ती साचली. इथे सूर्य बुडाला की हवेतली ओल इतकी चढते की पहाटे पानांच्या टोकांवरून थेंब गळतात. भरदुपारच्या उकाड्यात करडी बुरशी दबून असते; तिला आवडतात 15 ते 25 अंश आणि ओलावा. मग एक वादळ लांबून गेलं, आमच्यावर आलंही नाही, पण चार दिवस मळभ, रिपरिप आणि गारवा ठेवून गेलं. पाचव्या दिवशी सर्वात मोठ्या मंजिरीतलं एकच छोटं पान पिवळं दिसलं. मी चिमटीत धरलं तर ते विरोधच न करता हातात आलं. मंजिरी उकलली. आत तपकिरी भुसा आणि त्यावर राखेसारखी लव. बाहेरून ती अजून हिरवीगार, चमचमती, वासाने घमघमणारी होती. मी अंगणात बसून एकेक मंजिरी उकलत गेले आणि प्रत्येकीच्या पोटात तेच निघालं. चार महिन्यांची झाडं त्या दिवशी पोत्यात भरून बांधली. बुरशी धरलेलं काहीही कुणी वापरू नये, वाळवूनही नाही. "वरवरचं काढलं की झालं" असं इथे नसतं.

बुरशीच्या आधी बहुतेक वेळा अळी आलेली असते हे नंतर कळलं. पतंग रात्री येऊन मंजिरीवर अंडी घालतो, अळी आत शिरते, खाते, आणि तिची विष्ठा आत ओली राहते. बुरशीला याहून चांगलं अंथरूण कोण घालून देणार? माझा इलाज म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो 1901 मध्ये रेशमाच्या किड्यांत सापडला होता; 1911 मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तो थुरिंजिया प्रांतातल्या पिठातल्या पतंगांत सापडला आणि त्या प्रांतावरून पुढे त्यांनी त्याला हे नाव दिलं. अळीच्या पोटात गेला तरच तो काम करतो, आणि उन्हात दोन-चार दिवसांत निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी, आणि पाऊस पडून गेला की पुन्हा. मंजिऱ्या भरल्या की मी तेही थांबवते आणि बॅटरी घेऊन अळ्या हाताने वेचते. रात्री अकरा वाजता वाकून, एकेक. किळस पहिल्या आठवड्यात संपते.

उकाड्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याच्याशी जमतं. 25 ते 30 अंशांत हे झाड मजेत असतं; त्याच्या वर गेलं की पानं कडा वर वळवून होडीसारखी होतात आणि वाढ थबकते. खरा त्रास मुळांना होतो. काळी कुंडी उन्हात ठेवली तर माती आंघोळीच्या पाण्याइतकी तापते आणि मुळं कुजायला लागतात. फिक्या रंगाची कापडी कुंडी, वर चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन, पहाटे भरपूर पाणी, तिसऱ्या प्रहरी सावली. बाकी दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे सांभाळतात. समुद्राकाठचं हे येणं-जाणं झाडाला फार मानवतं. पानांमधली कोंदट हवा हलत राहते, आणि खोड जाड होतं.

खोडाचं हे जाड होणं वाऱ्याच्या हाताने होतं. सतत हलवलेलं, स्पर्श झालेलं रोप उंच वाढण्याऐवजी बुटकं आणि दणकट होतं; जाफी नावाच्या संशोधकाने 1973 मध्ये या घडणीला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं लांबलचक नाव दिलं. म्हणून मी रोपं कधीच पूर्ण आडोशाला वाढवत नाही. पहिल्या महिन्यापासून त्यांना रोजचा वारा खाऊ देते. आडोशात लाडाने वाढलेलं झाड पहिल्याच जोराच्या सरीत मान टाकतं. शेंडाही लवकर खुडते, म्हणजे एक उंच सोट होण्याऐवजी सात-आठ फांद्या पसरतात, आणि त्या सुतळीने हळूहळू खाली, बाहेर ओढून बांधते. झाड पेल्यासारखं उघडं होतं, मधे ऊन आणि वारा शिरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट. उंचीचा तोरा इथे परवडत नाही.

वाऱ्याशी या झाडाचं नातं तसं घरचंच. त्याच्या फुलांना ना रंग, ना मध, कारण त्यांना फुलपाखरांची गरज नाही. नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि दोघांमधली सोयरीक वारा जुळवतो. नराचा पराग कित्येक किलोमीटर उडत जातो. वनस्पतींमध्येही नर-मादी असतात हे 1694 मध्ये ट्यूबिंगेनच्या कॅमेरारियसने प्रयोगांनी दाखवलं तेव्हा त्याने तपासलेल्या झाडांत हेही होतं. वाऱ्यावर इतका विश्वास टाकणारं झाड वाऱ्यानेच मोडलेलं बघणं मला जड जातं. हे शास्त्राचं बोलणं नाही, ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षी ते पाहिलं. जात बदलली होती: अरुंद पानांची, विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातली, फुलं विरळ, हातभर लांब, वेणीसारखी मोकळी. पाऊस पडला तरी त्या मंजिऱ्या दोन तासांत वाळायच्या. बुरशीचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटला. पण अशा झाडाला फुलोऱ्यापासून पिकेपर्यंत चौदा-सोळा आठवडे लागतात. माझी चारही झाडं जमिनीत होती, पुरुषभर उंच, आणि मोसमातलं सर्वात मोठं वादळ सरळ आमच्याकडे निघालं.

मी बांबू ठोकले. वारा कुठून येणार ते अंदाजात होतं, म्हणून त्या बाजूला दोऱ्या ताणून बांधल्या, दुसऱ्या बाजूला टेकू दिले. रात्री दोनला वारा सुरू झाला. ते वर्णन मी करत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळत नाही. पहाटे अचानक सगळं थांबलं. मी दार किलकिलं केलं. करड्या उजेडात चारही झाडं उभी होती. पानं फाटलेली, एक फांदी लोंबकळणारी, पण उभी. मला रडू आलं. दाराच्या चौकटीला धरून मी कुणाला तरी थँक्यू म्हणत होते.

तो वादळाचा डोळा होता. साधारण पाऊण तासाने वारा परत आला, आणि उलट्या दिशेने. वादळ गोल फिरतं. त्याचा मध्य आपल्यावरून गेला की पहिल्या अर्ध्यात जो वारा एका बाजूने आला तो दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या बाजूने येतो. हे मी शाळेत शिकले होते. माझ्या दोऱ्यांनी ते शिकलेलं नव्हतं. सगळा आधार चुकीच्या बाजूला होता, भिजून माती लोण्यासारखी झालेली, आणि दोन झाडं मुळासकट गेली. तिसरं जमिनीपासून वीतभर उंचीवर मोडलं. ते मोडताना मी खिडकीतून बघत होते. फार आवाजही झाला नाही, किंवा वाऱ्यात ऐकू आला नाही.

चौथं वाचलं. आणि त्याच्या शुश्रूषेत मी जे शिकले ते कुठल्याच चित्रात नव्हतं. वादळानंतरची पहिली सकाळ लख्ख उन्हाची असते, आणि तेच ऊन घात करतं. पानांवर वाऱ्याने आणलेलं मीठ बसलेलं असतं. पाणी उडून मीठ मागे राहिलं की ते पानातलंच पाणी ओढून घेतं. संध्याकाळपर्यंत कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात. म्हणून ऊन चढायच्या आत झाडाला गोड्या पाण्याची आंघोळ घालायची. पण वादळानंतर नळाला पाणी नसतं. तेव्हापासून दोन पिंपं पाणी मी आधीच भरून झाकून ठेवते, आणि ते झाडांचं असतं. मातीत खारं पाणी शिरलं असेल तर तीही पुन्हा पुन्हा गोड्या पाण्याने धुवावी लागते, निचरा होईपर्यंत.

दुसरं म्हणजे तहानेचा भास. मातीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. झाड चिखलात उभं राहून पाण्यावाचून मान टाकतं. त्याला आणखी पाणी घालण्याची चूक मी केली नाही, कारण शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी, ज्यांची स्वतःची पपईची बाग आडवी झाली होती, कुंपणावरून हात केला आणि नुसतंच "नको" अशी मान हलवली. मग ते स्वतः येऊन माझ्या झाडाभोवती चर खणून गेले. त्यांची वीस झाडं पडली होती त्या दिवशी.

लोंबकळणारी फांदी सांध्याशी चिरली होती, सुटली नव्हती. ती जागेवर बसवून जुन्या ओढणीच्या पट्टीने घट्ट गुंडाळली. दोन आठवड्यांत तिथे गुडघ्यासारखी गाठ आली आणि ती फांदी सगळ्यांत जाड झाली. असं या झाडात बरेचदा होतं. त्याच्या सालीत लांब, चिवट धागा असतो, फांदी काडीसारखी कट्कन तुटत नाही, सालीवर लोंबते. त्याच धाग्याच्या दोरखंडांवर आणि शिडांवर शतकानुशतकं गलबतं चालली. कॅनव्हास हा शब्द कॅनाबिसवरूनच आलेला. मीठ आणि पाणी लागून दोर कुजू नयेत म्हणून खलाशी त्यांना डांबर लावायचे. भर समुद्रात जी शिडं वादळं झेलत होती ती याच झाडाची, हे मला त्या गाठीवर हात ठेवल्याशिवाय कधी जाणवलं नव्हतं.

त्या वाचलेल्या झाडाने धक्क्याने थोडी नर फुलंही धरली. ताण आला की मादी झाडं असं करतात. मंजिरीत केळ्यांच्या बारीक फण्यांसारखे पिवळे कोंब दिसतात. पुस्तकं म्हणतात, झाड काढून टाका, नाहीतर बी धरेल. मी काढलं नाही. बी धरलं. मूठभर बी, करडं, त्यावर वाघासारखे पट्टे. आज जी दोन झाडं आडवी घालते ती त्याच बियांची नातवंडं आहेत.

तिसऱ्या वर्षापासून मी वेळच वाटून घेतली. वादळांआधीच्या महिन्यांसाठी स्वयंफुलोऱ्याची झाडं लावते. ती रात्र मोजत नाहीत, बी पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांत आपली आपण फुलून पिकतात. हा गुण त्यांना आला तो थेट उत्तरेकडून. 1924 मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने व्होल्गाच्या परिसरात रानोमाळ उगवणाऱ्या ठेंगण्या झाडांचं वर्णन केलं आणि त्यांना रुडेरालिस म्हटलं. जिथे उन्हाळा हातात येईपर्यंत संपतो तिथे रात्र लांबायची वाट बघत बसणं परवडत नाही, म्हणून त्या झाडांनी ती वाटच सोडून दिली. बर्फाच्या भीतीने शिकलेली घाई इथे वादळाच्या भीतीवर चालते. गुडघाभर उंचीची झाडं, फार काही देत नाहीत, पण समुद्र तापायच्या आत कापून, घरात पंख्याखाली टांगून मोकळं होता येतं. वाळवणं हे दमट किनाऱ्यावरचं वेगळंच प्रकरण आहे. हवेतली ओल 60 टक्क्यांच्या आसपास आणणारं यंत्र नसेल तर टांगलेल्या फांद्यांवरही बुरशी चढते. मी एक लहान यंत्र घेतलं आणि तो प्रश्न मिटला.

एवढ्यावर भागलं असतं. शहाणपणाचं तेच आहे, आणि कुणी विचारलं तर मी तेच सांगते. तरीही दर वर्षी त्या पट्टेदार बियांतून दोन उंच, सावकाश पिकणाऱ्या झाडांना वादळांच्या तोंडी ठेवते. कुंडीत आहेत, आता दोऱ्यांवर भरवसा नाही, वेळ आली की आडवी होतात. दोनदा काही झालं नाही. एकदा अर्धी फांदी गेली. गेल्या वर्षी एकीला बुरशीने धरलं आणि मी ती पोत्यात बांधली. त्या झाडांना माझ्याकडून काय मिळतं ठाऊक नाही, पण ज्या वर्षी ती नसतात त्या वर्षी मी समुद्र ऐकत नाही. अंदाज बघते, खिडक्या लावते, झोपते.

वादळ गेल्यावर त्यांना उठवायला मी घाई करते, आणि तरी उशीरच होतो. एका रात्रीत त्यांना कळलेलं असतं की वर कुठे आहे. भुईवर निजलेल्या फांद्यांचा प्रत्येक शेंडा आभाळाकडे वळलेला असतो, जाळ्याच्या छिद्रांतून बाहेर आलेला. मी जाळं सोडवते, कुंडी सरळ करते, पिंपातलं पाणी डोक्यावरून ओतते. झाड उभं राहतं, पण त्याचे सगळे शेंडे आता आडवे, एकाच बाजूला, अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत असतात, जणू तिथून कुणी हाक मारली. दोन दिवस ती तशीच दिसतात. तिसऱ्या दिवशी सकाळी सरळ.

फोन सुरू झाला की पहिला आईचाच येतो. घराचं विचारते, छपराचं, पाण्याचं, जेवलीस का ते.

"आणि त्या दोघी? उठल्या?"

"उठल्या गं. माना वाकड्या आहेत अजून."

"राहू दे. लगेच बांधायला जाऊ नकोस," आई म्हणते. "वारा पडला का तिकडे?"

मी बाहेर येऊन उभी राहते, तिला ऐकू यावं म्हणून फोन समुद्राकडे धरते.